ब्लू-रे जिंकली, पण आपल्या घरी आलीच नाही

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली काही वाक्यं थोडी नीट केली आहेत.)

नागपुरात ऊन तापायला लागलंय, त्यामुळे मागे पंख्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. बंद केला तर मीच शिजून निघेन.

आजचा विषय आहे डिस्क. हो, तीच. गोल, चकाकणारी, मधे भोक असलेली. तुमच्यातल्या काहींनी ती फक्त ऑटोच्या आरशाला टांगलेली नाहीतर शेतात पाखरं हाकलायला बांधलेली पाहिली असेल. पण मला एका ऐकणाऱ्याने विचारलं की दादा, ‘झुंड’ चांगल्या क्वालिटीत विकत कुठे मिळेल? किरायाने नको, सबस्क्रिप्शन नको, विकत. आपल्या नागपुरात शूट झालेला पिक्चर आहे, घरात एक कॉपी पाहिजे.

किती साधी मागणी आहे बघा. ‘झुंड’ ४ मार्च २०२२ ला टॉकीजमध्ये लागला, मे महिन्यात झी-फाइव्हवर आला. तिथे पाहता येतो. पण ‘माझ्याजवळ आहे’ असं म्हणायचं तर काय करायचं? याचं उत्तर शोधायला जवळपास वीस वर्षं मागे जावं लागतं, एका भांडणाकडे. भांडण जपानी आणि अमेरिकन कंपन्यांचं होतं. आपण त्यात कुठेच नव्हतो, आणि तरी त्याचा निकाल आपल्याला लागू झाला.

साल २००६. टीव्ही चपटे आणि मोठे होत चालले होते. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. नवा फुल एचडी टीव्ही १९२० बाय १०८० चा, म्हणजे पाचपट ठिपके. एवढा मोठा माल डीव्हीडीत मावत नव्हता. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, दोन थर केले तर साडेआठ.

मग जागा वाढवायची कशी? डिस्कचा आकार तर तोच ठेवायचा होता. उपाय लेझरमध्ये होता. सीडी वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, तो लाल. नवीन आला ४०५ चा, निळा-जांभळा. प्रकाशाची लहर जितकी आखूड, तितका त्याचा ठिपका बारीक पाडता येतो. परीक्षेत चिठ्ठी लिहिणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तेवढ्याच कागदावर स्केच पेनने दोन ओळी बसतात आणि बारीक निबेच्या पेनने अख्खा धडा.

निळा लेझर दोन्ही गटांकडे होता. एकीकडे तोशिबा, त्यांची एचडी डीव्हीडी. एका थरात १५ जीबी, दोन थरांत ३०. दुसरीकडे सोनी आणि मंडळी, त्यांची ब्लू-रे. एका थरात २५, दोनात ५०. आता तुम्ही म्हणाल, ब्लू-रेत जास्त मावतं, ती जिंकली, विषय संपला. थांबा. खरी गंमत डिस्कच्या जाडीत आहे.

डीव्हीडीमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. एचडी डीव्हीडीनेही तेच अंतर ठेवलं. याचा अर्थ काय, तर डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्याने थोडेफार बदल केले की त्याच यंत्रांवर एचडी डीव्हीडी निघणार. ब्लू-रेने तो थर पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर खाली आणला. त्यामुळे ठिपका अजून बारीक झाला, पण ओरखड्यांची भीती वाढली, वरून खास कडक लेप आला आणि कारखान्यात यंत्रं नवीन बसवावी लागली. थोडक्यात, स्वस्तात जमणारी होती एचडी डीव्हीडी. अमेरिकेत तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला आला, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ ला. शिवाय एचडी डीव्हीडीला रिजन कोडची भानगड नव्हती. कुठल्याही देशात घ्या, कुठेही लावा.

आपल्या बाजारात कोण चाललं असतं, तुम्हीच सांगा. मला तरी शंका नाही.

पण निकाल ग्राहकाने लावलाच नाही. सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आणलं आणि त्यात ब्लू-रे ड्राइव्ह बसवूनच दिली. गेम खेळायला घेतलेलं डबडं घरात गेलं, त्याच्यासोबत ब्लू-रे प्लेअरही गेला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ला एचडी डीव्हीडीची ड्राइव्ह वेगळी विकायला ठेवली, पैसे वेगळे. वर्षभर स्टुडिओंची ओढाताण चालली. पॅरामाउंट ऑगस्ट २००७ मध्ये तोशिबाकडे गेलं. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने जाहीर केलं की आम्ही फक्त ब्लू-रे काढणार. फेब्रुवारीत वॉलमार्टने तेच केलं. आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने हात वर केले. दोन वर्षंसुद्धा पूर्ण झाली नाहीत. एचडी डीव्हीडीचे प्लेअर घेतलेले लोक डबे घेऊन बसले.

आता कॅमेरा आपल्याकडे वळवू. हे सगळं तिकडे चाललं होतं तेव्हा आपण काय पाहत होतो?

व्हीसीडी.

मी शाळेत होतो. घरी चायनाचा प्लेअर होता, रिमोटवर पन्नास बटणं आणि त्यातली चार चालायची. गल्लीच्या तोंडाशी सीडीचं दुकान, एका दिवसाचा किराया १० रुपये. पिक्चर दोन सीड्यांचा, लांब असला तर तीन. इंटरव्हल कुठे पडणार हे सीडी ठरवायची, दिग्दर्शक नाही. आणि दुसऱ्या सीडीवर चरे असले की आम्ही गल्लीतली पोरं शेवट आपापल्या मनाने सांगायचो.

व्हीसीडी १९९३ ची चीज. चित्र ३५२ बाय २८८. फुल एचडीशी तुलना केली तर विसावा हिस्सा. अमेरिकेत तिला फारसं कोणी विचारलं नाही, पण चीनपासून आपल्यापर्यंत तिने राज्य केलं. कारण साधं आहे. साध्या सीडीच्याच यंत्रावर छापायची, प्लेअर स्वस्त, रिजन कोड नाही, कुलूप नाही, कॅसेटसारखी बुरशी नाही, रिवाइंड नाही. चित्र खराब आहे हे आपल्याला माहीत होतं. पण १४ नाहीतर २१ इंची टीव्हीवर कोणाला फरक दिसत होता?

याच काळात आपल्याकडे एका कंपनीने खरोखर धाडस केलं. मोझर बेअर. नाव स्विस, कंपनी आपली, १९८३ साली दीपक पुरी यांनी सुरू केलेली. आधी फ्लॉपी, मग कोऱ्या सीड्या, आणि या धंद्यात ते जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाले. २००७ मध्ये त्यांनी पिक्चरच्या डिस्क विकायला काढल्या. व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. ओरिजिनल! तोपर्यंत ओरिजिनल म्हटलं की शंभराच्या वरची गोष्ट. त्यांचा हिशेब असा होता की फुटपाथवरच्या नकली डिस्कच्या भावात असली दिली तर माणूस नकली कशाला घेईल? किराणा दुकानात, पानठेल्यावर डिस्क दिसायला लागल्या. तिकडे स्टुडिओ वीस-पंचवीस डॉलरच्या डिस्कसाठी भांडत होते आणि इकडे समोसे-चहाच्या पैशात पिक्चर घरी येत होता. आपलं फॉरमॅट वॉर हेच होतं. असली विरुद्ध नकली.

नकलीवाल्यांचा धाक किती असेल? महाराष्ट्रात एक कायदा आहे, तुम्ही पेपरात ‘एमपीडीए’ म्हणून वाचता. १९८१ चा, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरे लोकांना स्थानबद्ध करण्यासाठी. २००९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि त्या यादीत चक्क व्हिडिओ पायरेट्स आले. नंतर वाळू तस्करही आले. त्या कायद्याचं पूर्ण नाव एका श्वासात म्हणून दाखवा, मी हरलो. पण विचार करा, हातभट्टी, वाळू आणि पिक्चरची सीडी एका रांगेत. सरकारला ती डिस्क एवढी मोठी वाटत होती.

मग डिस्कला कोणी हरवलं? पायरेट्सनी नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं होतं, पण आपल्याकडे खरा फटका स्वस्त डेटाने दिला. पुढच्या वर्षी मोझर बेअर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ मध्ये ती गुंडाळायचा आदेश निघाला. नुसत्या पिक्चरमुळे बुडाली असं म्हणणार नाही, सोलरमध्येही त्यांनी पैसा घातला होता. पण डिस्कचा बाजार आटला हे तर आहेच.

बर्डीत माझ्या ओळखीचे एक काका आहेत. दुकानात पूर्वी भिंतभर सीड्या असायच्या, आता मोबाइलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास. मी विचारलं, काका, त्या सीड्यांचं काय केलं? ते म्हणाले, “अरे बेटा, कोण घेऊन राहिलं आता सीड्या? भंगारवाल्याले किलोवर देल्या. मंग काय, पूजा करू त्यायची?”

काकांचं काही चुकलं नाही. पण इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि आजचा भाग मी त्यासाठीच करून राहिलो आहे.

ब्लू-रे आपल्याकडे नीट आली नाही, हिंदीच्या थोड्या आल्या, मराठीत बाजार असा उभाच राहिला नाही. यात आपलं नुकसान प्लास्टिकच्या चकतीचं झालं नाही. नुकसान झालं ते मास्टरचं.

कसं ते सांगतो. जुना पिक्चर ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर शूट झालेला असतो. त्या निगेटिव्हमध्ये भरपूर बारकावे असतात, एचडीच्या वर. पण घरी बघायला देण्यासाठी कोणीतरी ती फिल्म स्कॅन करावी लागते, धूळ-चरे साफ करावे लागतात, रंग जुळवावे लागतात. खर्चाचं काम आहे. व्हीसीडीसाठी हे करायची गरजच नव्हती. जुन्या टेपवरून उतरवलं, छापलं, झालं. ज्या देशांत ब्लू-रेला गिऱ्हाईक होतं तिथे कंपन्यांना निगेटिव्हकडे परत जावं लागलं, कारण मोठ्या टीव्हीवर टेपवरचा माल लगेच उघडा पडतो. म्हणजे डिस्क विकत घेणारा माणूस नकळत स्कॅनिंगचे पैसे देत होता.

सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी घ्या. तिच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत जळाल्या. जळलेल्या तुकड्यांतून जे वाचलं ते अमेरिकेच्या अकादमीच्या संग्रहालयाने जपून ठेवलं, इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये ते जोडलं गेलं आणि २०१५ मध्ये क्रायटेरियनने ते ब्लू-रेवर आणलं. आपला बंगाली पिक्चर, परदेशी पैशाने वाचला, आणि त्या पैशाचा एक भाग डिस्क घेणाऱ्यांचा होता.

आता यूट्यूबवर जा आणि नव्वदच्या दशकातला कुठलाही मराठी पिक्चर लावा. बघा काय दिसतं. कोपऱ्यात कंपनीचा लोगो, चेहऱ्यावर चौकोन, रात्रीच्या सीनमध्ये नुसता काळा चिखल. कित्येकदा ती जुनी व्हीसीडीच असते, ताणून मोठी केलेली. वर शीर्षकात लिहिलेलं ‘फुल एचडी’. आपल्या आईवडिलांनी टॉकीजमध्ये जो पिक्चर पाहिला तो असा दिसत नव्हता हो. पंचशीलला नाहीतर लिबर्टीला मोठ्या पडद्यावर झाडाचं पान न् पान दिसत होतं. पण आपल्या पिढीला वाटतं की जुना मराठी पिक्चर म्हणजे असाच, धुरकट. मला याचा राग येतो, खरं सांगतो.

सगळंच अंधारात आहे असं नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून फिल्म सांभाळतंय, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी जाहीर केले. महोत्सवांत अशा नव्या प्रती दाखवतातही. पण स्वच्छ झालेला पिक्चर नागपूरच्या घरात कसा यायचा, हा प्रश्न राहतोच. डिस्क नाही, टॉकीज नाही, मग एखाद्या ॲपची मर्जी.

बरं, नवीन पिक्चरचं काय? ते तर एचडीतच बनतात. हो, पण तुमच्यापर्यंत किती पोचतं ते बघा. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, ४के ब्लू-रेवर १०० च्या वर. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ मेगाबिटचं नेट पुरेसं म्हणतं. कॉम्प्रेशन आता खूप हुशार झालंय, त्यामुळे मोबाइलवर फरक कळत नाही, हे मीही मान्य करतो. पण ५५ इंची टीव्हीवर संध्याकाळचं आकाश बघा. रंगांच्या पायऱ्या दिसतील. मला तर आवाजातला फरक जास्त जाणवतो.

आणि दुसरी गोष्ट, मालकी. ॲपवर ‘बाय’चं बटण असतं ना, त्याने तुम्ही पिक्चर विकत घेत नाही, बघायची परवानगी घेता. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर लोकांना कळवलं की तुम्ही पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता तुमच्या लायब्ररीतून जाणार. ओरड झाली, निर्णय थांबवला. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की नुसती परवानगी विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा, ‘खरेदी’ म्हणून फसवू नका. गंमत अशी की ज्या सोनीने डिस्कचं युद्ध जिंकलं, त्याच सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे बनवणं बंद केलं. आणि नेटफ्लिक्सने अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ ला थांबवलं. छापील पिक्चरच्या ब्लू-रे अजून निघतात, तिकडे चाहते घेतात. पण तो आता हौशी लोकांचा बाजार आहे.

चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ पाहिला नसेल तर बघा, नेटफ्लिक्सवर आला होता. त्यातला नायक गाणं शिकतो आणि पोटासाठी जुनी दुर्मिळ रेकॉर्डिंग सीडीवर आणायचं काम करतो. तो पिक्चर बघताना मला सारखं वाटत होतं की याच पिक्चरसाठी उद्या असं काम कोण करेल?

आता तुमच्या घरातल्या होम व्हिडिओकडे येतो. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट. प्रत्येक घरी असते, कपाटात, साड्यांच्या मागे. माझ्या घरची १९९४ ची आहे. हृदयाच्या आकारातून आई-बाबा बाहेर येतात, मागे सिनेमाचं गाणं, आणि पंगतीत जेवणारा प्रत्येक माणूस कॅमेरा आल्यावर जेवायचा थांबतो. आजोबा चालताना दिसतात ते फक्त त्याच कॅसेटमध्ये. फोटो आहेत, पण चालणारे आजोबा तेवढेच.

२००५ च्या आसपासची लग्नं डीव्हीडीवर आहेत, आणि त्यांचा धोका कॅसेटपेक्षा मोठा आहे. दुकानातली डिस्क छापलेली असते, त्यात खड्डे दाबून उमटवलेले असतात. फोटोवाल्याने दिलेली डिस्क राइट केलेली असते, तिच्यात रंगाचा थर असतो आणि लेझरने तो रंग बदललेला असतो. ऊन आणि उष्णतेने तो रंग उतरतो. आता नागपूरचा मे महिना आठवा. ४५ च्या वर पारा, लोखंडी गोदरेजचं कपाट, आणि ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं. डिस्क बाहेरून चकाचक दिसेल, आत काही नसेल.

म्हणून या सुट्टीत एवढं करा. डीव्हीडी आधी काढा, कॅसेट नंतर. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर बाहेरून लावायची यूएसबी ड्राइव्ह मिळते. चार मित्रांनी मिळून एक घ्या. डिस्क चालत असेल तर तिच्यातली सगळी फाइल जशीच्या तशी कॉपी करा. व्हॉट्सॲपवर पाठवून ‘सेव्ह झालं’ समजू नका, तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो. एक कॉपी हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी. कॅसेटसाठी चालू व्हीसीआर लागतो. शहरात अजून काही फोटोवाले हे काम करतात. देताना विचारा की फाइल मिळेल ना. काही जण परत डीव्हीडीच करून देतात, ती नको. आणि कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका, हेडही जाईल आणि टेपही.

ज्यांच्याकडे डिस्कवालं प्लेस्टेशन ५ आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली. तुमच्या घरात ४के ब्लू-रे प्लेअर आहे आणि तुम्हाला माहीत नाही. त्याच्यावर साधी डीव्हीडीही चालते, फक्त ऑडिओ सीडी आणि व्हीसीडी चालत नाही. रिजन बघून घ्या, ब्लू-रेमध्ये भारत ‘सी’त येतो, ४के डिस्कला रिजनची अट नाही. काकांच्या दुकानात विचारू नका, ते हसतील.